अमेरिकेतल्या इमिग्रेशन सुधारणेचं घोडं कुठे पेंड खातं? दबावगट आणि पक्षीय राजकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमिग्रेशनचे नियम नेमकं कोण बदलतं? अध्यक्ष, न्यायालयं की काँग्रेस?

कुणाला किती व्हिसा आणि किती ग्रीन कार्डं, हे काँग्रेस ठरवते. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद; सिनेट हे तिचं वरचं सभागृह आणि हाउस (प्रतिनिधीगृह) हे खालचं. मूळ कायदा १९५२ चा आहे आणि आजचे बरेचसे आकडे १९९० च्या कायद्यातले आहेत: रोजगारावर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, कुशल कामगारांचे एच-१बी व्हिसा ६५,०००, आणि एका देशाच्या वाट्याला ग्रीन कार्डं जास्तीत जास्त ७ टक्के. अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठीचे २०,००० जादा एच-१बी २००४ च्या कायद्याने आले.

अध्यक्षांना हे आकडे वाढवता येत नाहीत. अंमलबजावणी कडक किंवा सैल करणं, प्रवेश रोखणं, तात्पुरतं संरक्षण देणं एवढं त्यांच्या हातात असतं. ओबामांनी जून २०१२ मध्ये लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून दिलेलं ‘डाका’ संरक्षण किंवा ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर लावलेलं १,००,००० डॉलरचं शुल्क या दोन्ही गोष्टी अध्यक्षीय अधिकारातल्या आहेत. असा आदेश पुढचा अध्यक्ष मागे घेऊ शकतो किंवा न्यायालय रोखू शकतं. टिकाऊ बदल हवा असेल तर काँग्रेसला पर्याय नाही.

हा रिपब्लिकन विरुद्ध डेमोक्रॅट एवढाच वाद आहे ना?

नाही. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. या विषयावर दोन्ही पक्ष आतूनच दुभंगलेले आहेत.

रिपब्लिकन पक्षात एका बाजूला उद्योजक, शेतमालक, बांधकाम व्यावसायिक आणि यू.एस. चेंबर ऑफ कॉमर्स ही उद्योगांची संघटना. त्यांना कामगार हवेत. दुसऱ्या बाजूला एकूण इमिग्रेशनच कमी करा म्हणणारा मतदार, आणि त्याला संघटित करणाऱ्या फेअर (स्थापना १९७९) आणि नंबर्सयूएसए या संस्था. डेमोक्रॅटिक पक्षात लॅटिनो आणि नागरी हक्क संघटनांना कागदपत्रांविना राहणाऱ्यांसाठी नागरिकत्वाचा मार्ग हवा, तर कामगार संघटनांचा तात्पुरत्या परदेशी कामगारांवर राग. एएफएल-सीआयओ या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाने १९८६ मध्ये मालकांवरच्या दंडाला पाठिंबा दिला होता. फेब्रुवारी २००० मध्ये त्याने भूमिका फिरवली आणि कागदपत्रांविना राहणाऱ्यांना कायदेशीर करा, मालकांवरच्या दंडाची पद्धत मोडीत काढा अशी मागणी केली, कारण तोपर्यंत हॉटेलं, सफाई, मांस प्रक्रिया अशा क्षेत्रांत हेच लोक संघटनेचे नवे सभासद होत होते.

म्हणून कोणतंही मोठं विधेयक एकट्या पक्षाच्या बळावर उभं राहत नाही. त्यात तीन भाग बांधावे लागतात: सीमा आणि अंमलबजावणी, आत असलेल्यांना कायदेशीर दर्जा, आणि पुढे येणाऱ्यांसाठी व्हिसा. प्रत्येक गटाला यातला एक भाग हवा असतो, एक चालतो आणि एक मुळीच चालत नाही. नको असलेला भाग किती सौम्य केला म्हणजे तो गट विरोध सोडेल, हीच सगळी वाटाघाट.

१९८६ चा कायदा अजूनही प्रत्येक चर्चेत का निघतो?

कारण लाखो लोकांना एकदम कायदेशीर करणारा तो शेवटचा मोठा कायदा, आणि त्यात गटांनी आपापली कलमं कशी घुसवली हे उघड दिसतं.

सिनेटर सिम्प्सन आणि प्रतिनिधी मॅझोली यांचं हे विधेयक १९८२ मध्ये बुडालं, १९८४ मध्ये पुन्हा बुडालं, आणि ६ नोव्हेंबर १९८६ ला रेगन यांची सही झाली. मूळ सौदा साधा होता: १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना कायदेशीर दर्जा, आणि यापुढे बेकायदा कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. मालकांच्या संघटनांनी कलमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द ठेवून घेतला. कागद वरकरणी खरा दिसत असेल तर मालकाची जबाबदारी संपली. तो खरा आहे का हे तपासण्याची सक्ती नाही. शेतमालकांनी स्वतंत्र योजना मिळवली: मे १९८६ पर्यंतच्या एका वर्षात ९० दिवस शेतकाम केलं असेल तर कायदेशीर दर्जा. उघड्या शेतात धाड घालायची तर तपास अधिकाऱ्यांना वॉरंट लागेल, हेही त्यांनी पदरात पाडून घेतलं. परदेशी दिसणाऱ्यांना मालक कामच देणार नाहीत ही नागरी हक्क संघटनांची भीती होती, म्हणून भेदभावविरोधी कलम आलं. व्यापक भेदभाव आढळला तर दंडाची तरतूद रद्द करण्याचा मार्गही त्यात होता. १९९० मध्ये काँग्रेसच्याच लेखापरीक्षण संस्थेने असा भेदभाव आढळल्याचा अहवाल दिला, पण तरतूद रद्द झाली नाही.

परिणाम असा की सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले, आणि मालकांवरचा दंड कागदावर राहिला, कारण बनावट कागदांचा बाजार उभा राहिला आणि ‘जाणूनबुजून’ सिद्ध करणं कठीण झालं. पुढे येणाऱ्या कामगारांसाठी पुरेसा कायदेशीर रस्ता कायद्याने ठेवलाच नव्हता. तेव्हापासून विरोधक म्हणतात, “आधी अंमलबजावणी दाखवा, मग बाकीचं बोला.” या अविश्वासाला ठोस कारण आहे. ते न ओळखता चर्चा केली तर पुढची चाळीस वर्षं समजत नाहीत.

दबावगट म्हणजे पैसे वाटणं ना?

पैसा असतो, पण या विषयात तो निर्णायक क्वचितच ठरतो. निवडणुकीसाठी देणग्या गोळा करणाऱ्या राजकीय कृती समितीला (पीएसी) एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ५,००० डॉलर देता येतात. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार निवडणारी निवडणूक) आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरल्या जातात, म्हणजे १०,०००. सिनेटच्या निवडणुकीचा खर्च पाहता ही रक्कम दार उघडण्यापुरतीच आहे.

खरं काम तीन ठिकाणी होतं. पहिलं म्हणजे मसुदा. समितीच्या कर्मचाऱ्यांकडे वेळ कमी आणि विषय गुंतागुंतीचा, त्यामुळे तयार कलम घेऊन येणाऱ्याला महत्त्व येतं. व्याख्या, अपवाद, लागू होण्याची तारीख, शुल्क कुणाला किती, हे तिथेच ठरतं. दुसरं म्हणजे समितीतलं कलमवार वाचन, ज्याला तिथे मार्क-अप म्हणतात. तिसरं म्हणजे मतदारसंघातून येणारा दबाव, आणि इथे पैशापेक्षा चिकाटी जास्त चालते.

२८ जून २००७ चं उदाहरण घ्या. रिपब्लिकन अध्यक्ष बुश आणि डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी हे दोघंही इमिग्रेशन सुधारणेच्या विधेयकाच्या बाजूने, उद्योगांचा मोठा भाग बाजूने. तरी नंबर्सयूएसएसारख्या संघटनांनी आणि रेडिओवरच्या वक्त्यांनी आठवडाभर इतके फोन आणि फॅक्स करवले की मतदानाच्या दिवशी सिनेटची फोनव्यवस्था कोलमडली. सिनेटमध्ये विधेयक मतदानाला नेण्याआधी चर्चा थांबवावी लागते; त्या ठरावाला १०० पैकी ६० मतं हवी होती, मिळाली ४६. विरोध करणाऱ्या मतदाराला हा एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि पाठिंबा देणाऱ्याला तो दहांतला एक वाटतो. जनमत चाचणीत बहुमत असूनही विधेयक पडतं त्याचं मोठं कारण ही तीव्रतेतली तफावत आहे.

कुठला गट कशासाठी पैसे खर्च करतोय, हे कळतं का?

बऱ्याच अंशी. १९९५ च्या लॉबिंग कायद्याखाली नोंदणी झालेल्यांना दर तिमाहीनंतर २० दिवसांत अहवाल द्यावा लागतो. म्हणजे २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर, २० जानेवारी. सिनेटच्या संकेतस्थळावर हे अहवाल फुकट शोधता येतात. इमिग्रेशनसाठी ‘आयएमएम’ हा संकेत आहे. विधेयकाचा क्रमांक, खर्च, कोणत्या सभागृहाशी किंवा खात्याशी बोलणं झालं, हे त्यात असतं.

विधेयकाच्या बाजूने की विरोधात, हे मात्र लिहिणं बंधनकारक नाही. भूमिका कळायला त्या संघटनेचं समितीला लिहिलेलं पत्र किंवा सुनावणीतली साक्ष पाहावी लागते. शिवाय मतदारांना फोन करायला लावण्याचा खर्च या अहवालात बहुतांशी येतच नाही, म्हणून २००७ सारखी मोहीम या आकड्यांत दिसणार नाही.

कामगार संघटना पाठिंबा देतात म्हणतात, मग त्यांच्यामुळे विधेयकं अडतात कशी?

त्यांचा आक्षेप इथे राहणाऱ्यांना कायदेशीर करण्यावर नसतो. मालकाला बांधलेल्या, वर्ष-दोन वर्षांनी परत पाठवायच्या कामगारावर असतो. असा कामगार तक्रार करत नाही, आणि मग इतरांची मजुरी खाली येते. या मुद्द्यात तथ्य आहे.

२००७ मध्ये सिनेटर डॉर्गन यांनी तात्पुरत्या कामगारांची योजना पाच वर्षांनी आपोआप बंद व्हावी अशी दुरुस्ती आणली. ती ४९ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाली. संघटनांचे मित्र असलेल्या डेमोक्रॅट सिनेटरांबरोबर, संपूर्ण विधेयकच नको असलेल्या काही रिपब्लिकनांनीही तिला मत दिलं, कारण ही योजना गेली की उद्योगांचा रस संपेल हे त्यांना ठाऊक होतं. दुरुस्तीला मिळालेल्या मतांवरून विधेयकाची लोकप्रियता मोजू नये, ते यामुळेच.

२०१३ मध्ये हा धडा लक्षात ठेवून मसुदा लिहिण्याआधीच चेंबर ऑफ कॉमर्स आणि एएफएल-सीआयओ यांना समोरासमोर बसवलं. मार्चअखेरीस ठरलं ते असं: कमी कौशल्याच्या कामांसाठी नवा ‘डब्ल्यू’ व्हिसा, पहिल्या वर्षी २०,०००, वाढत जाऊन कमाल २,००,०००, कुठे खरंच कामगार कमी आहेत हे ठरवायला स्वतंत्र सरकारी विभाग, बांधकामासाठी वर्षाला जास्तीत जास्त १५,०००. शेवटची मर्यादा बांधकाम कामगार संघटनांसाठी होती, आणि बांधकाम कंपन्या त्यावर नाराज राहिल्या. व्हिसा एका मालकाला बांधलेला नसेल हेही ठरलं. असा लेखी सौदा आधी झाला की सभागृहात डॉर्गनसारख्या दुरुस्तीला बळ मिळत नाही.

शेतमालकांचं एवढं चालतं कसं?

कारण ते जवळजवळ प्रत्येक राज्यात आहेत आणि बहुतेक ठिकाणी रिपब्लिकन खासदाराचे मतदार आहेत. त्यांची सर्वांत मोठी भीती ई-व्हेरिफाय, म्हणजे प्रत्येक कामगाराची सरकारी संगणकावर सक्तीची पडताळणी. मे २०२३ मध्ये हाउसने २१९ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर केलेल्या कडक सीमा विधेयकात ती सक्ती होती. शेतीला तिच्यातून तीन वर्षांची मुदत द्यावी लागली. विरोधात मत देणारे दोनच रिपब्लिकन होते, आणि त्यांतले कॅलिफोर्नियाचे जॉन ड्युआर्टे स्वतः शेतीव्यवसायातले.

उलट बाजूने, मार्च २०२१ मध्ये शेतमजुरांना कायदेशीर दर्जा देणारं विधेयक हाउसमध्ये २४७ विरुद्ध १७४ मतांनी गेलं. युनायटेड फार्म वर्कर्स ही शेतमजुरांची संघटना आणि अनेक शेतमालक संघटना बाजूने होत्या. सिनेटमध्ये ते अडलं, कारण अमेरिकन फार्म ब्युरो या शेतमालकांच्या बड्या संघटनेला एच-२ए या हंगामी शेतव्हिसावरच्या कामगारांना मालकाविरुद्ध संघीय न्यायालयात दावा लावण्याचा अधिकार मान्य नव्हता. एका कलमाने विधेयक अडणं या विषयात नेहमीचं आहे.

२०१३ चं विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं. मग कायदा का झाला नाही?

हाउसमध्ये ते मतदानालाच आलं नाही. त्यामागचा घटनाक्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे.

चार डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन सिनेटरांनी मसुदा केला. आठ जणांत करार असा होता की गाभ्याला धक्का देणारी दुरुस्ती कुणाकडूनही येवो, सगळ्यांनी मिळून पाडायची. समितीत सिनेटर हॅच यांचं मत हवं होतं म्हणून तंत्रज्ञान कंपन्यांच्या सोयीची एच-१बी कलमं घेतली गेली. एएफएल-सीआयओ चिडली पण बाहेर पडली नाही. ज्या कंपन्यांचे निम्म्याहून अधिक कर्मचारी एच-१बीवर आहेत, त्यांना टप्प्याटप्प्याने नवे व्हिसा बंद करण्याचं कलमही होतं. ते भारतीय आयटी सेवा कंपन्यांना थेट लागत होतं. ज्यांच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू आहे त्यांना या मोजणीतून वगळण्याची तरतूद मोठ्या अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांच्या पथ्यावर पडली. ‘आयटी उद्योग’ हा एक गट आहे असं समजू नका.

सभागृहात आणखी रिपब्लिकन मतं मिळवण्यासाठी कॉर्कर आणि होव्हन यांची दुरुस्ती आली: सीमेवर सुमारे २०,००० जादा जवान, ७०० मैल कुंपण. २७ जून २०१३ ला १४ रिपब्लिकनांसह विधेयक मंजूर झालं.

हाउसमध्ये मात्र कार्यक्रमपत्रिका स्पीकरच्या हातात असते. स्पीकर बोएनर यांनी सांगितलं की आपल्या पक्षाच्या बहुमताला मान्य नसलेलं विधेयक मतदानाला आणणार नाही. लोक याला ‘हॅस्टर्ट नियम’ म्हणतात, पण तो कुठल्याही नियमावलीत नाही. ती सभापतिपद टिकवण्याची खबरदारी आहे. त्यामुळे ४३५ च्या सभागृहात २१८ मतं कदाचित असूनही मोजली गेली नाहीत. १० जून २०१४ ला हाउसमधले क्रमांक दोनचे रिपब्लिकन नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या प्रायमरीत डेव्ह ब्रॅट या प्राध्यापकाकडून हरले. ब्रॅट यांनी प्रचारात इमिग्रेशनचा मुद्दा लावून धरला होता. त्यानंतर एकही रिपब्लिकन नेता या विधेयकाला हात लावायला तयार नव्हता.

बहुतेक मतदारसंघ एका पक्षाकडे पक्के झुकलेले असल्याने खासदाराला भीती असते ती नोव्हेंबरची नव्हे, स्वपक्षाच्या प्रायमरीची. तिथे मतदान कमी होतं आणि येतात ते सर्वांत कडवे. तडजोडीची शिक्षा तिथे मिळते.

स्पीकरला वळसा घालता येत नाही?

येतो, डिस्चार्ज पिटिशनने. विधेयक समितीत ३० कामकाजी दिवस पडून असेल तर २१८ सदस्यांच्या सह्यांनी ते थेट सभागृहात आणता येतं. २०१८ मध्ये लहानपणी आलेल्या तरुणांसाठी असा प्रयत्न झाला आणि सह्या २१६ वर थांबल्या. नेतृत्वाने मध्येच आपली दोन विधेयकं मतदानाला आणण्याचं कबूल केलं आणि उरलेले मवाळ रिपब्लिकन सही न करता थांबले. ती दोन्ही पडली. दुसरं तर १२१ विरुद्ध ३०१ असं. पिटिशन सह्या पूर्ण होण्यासाठी जेवढी उपयोगी, तेवढीच नेतृत्वाला हलवण्यासाठी. सही मागे न घेता शेवटपर्यंत कोण राहील याची खात्री मात्र आधी करावी लागते.

ग्रीन कार्डची ७ टक्के मर्यादा काढणारं विधेयक ३६५ मतांनी पास झालं होतं. त्याचं काय झालं?

भारतीयांकडून सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर समजायला थोडं गणित लागतं. ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्ड वर्गाला १,४०,००० पैकी २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४० जागा. त्याच्या ७ टक्के म्हणजे सुमारे २,८००, आणि त्यात जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. इतर देशांच्या न वापरलेल्या जागा कधी मिळतात, पण भरवशाच्या या एवढ्याच. म्हणून रांग दशकांची झाली.

१० जुलै २०१९ ला हाउसने मर्यादा काढणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ असं मंजूर केलं. पद्धत होती नियम स्थगितीची: ४० मिनिटं चर्चा, दुरुस्ती नाही, दोन तृतीयांश मतं हवीत. भारतीय व्यावसायिकांच्या इमिग्रेशन व्हॉइससारख्या संघटनेने अनेक वर्षं एकेका कार्यालयात जाऊन सहप्रायोजक गोळा केले होते, त्याचं हे फळ.

सिनेटमध्ये सिनेटर माइक ली यांनी ते एकमताने मंजूर करून घेण्याचा मार्ग धरला. यात सभागृहाचा वेळ जात नाही, पण एका सिनेटरचा नकार पुरतो. रँड पॉल अडले, कारण परदेशी परिचारिकांना रांगेत मागे जावं लागेल अशी रुग्णालयांची चिंता होती. डर्बिन अडले, कारण एकूण जागा न वाढवता फक्त वाटणी बदलली तर इतर देशांच्या अर्जदारांची रांग वाढेल. ग्रासली यांना एच-१बीवर कडक अटी हव्या होत्या, त्या घातल्या गेल्या. रिक स्कॉट यांच्यासाठी चीनच्या कम्युनिस्ट पक्षाशी संबंधितांवरचं कलम आलं. प्रत्येक आक्षेप मिटवताना मजकूर हाउसच्या विधेयकापासून दूर जात राहिला. २ डिसेंबर २०२० ला सिनेटने ते मंजूर केलं. दोन्ही सभागृहांचा मजकूर अक्षरशः एकच असावा लागतो, तो नव्हता. नवा मजकूर हाउसला मान्य झाला नाही, आणि ३ जानेवारी २०२१ ला काँग्रेसची मुदत संपून दोन्ही विधेयकं आपोआप मेली.

डर्बिन यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण जागा ठरावीक असताना एकाची रांग कमी केली की दुसऱ्याची वाढते, आणि ज्याची वाढते त्याचाही कुणी सिनेटर असतो. जागा वाढवायच्या म्हटल्या तर रिपब्लिकन मतं जातात. एकमताच्या वाटेने या कात्रीतून सुटणं कठीणच होतं. डिसेंबर २०२२ मध्ये सुधारित विधेयक हाउसच्या कार्यक्रमपत्रिकेवर आलं, आणि मतं भरत नाहीत असं दिसल्यावर मतदानाआधीच काढून घेतलं गेलं.

मग छोटी छोटी विधेयकं का आणत नाहीत? सगळं एकत्र बांधायचा हट्ट कशाला?

कारण लोकप्रिय भाग सुटा मंजूर झाला तर उरलेल्या भागाला मतं मिळत नाहीत, ही भीती. लॅटिनो गटाचे खासदार वर्षानुवर्षं म्हणत आले की कुशल कामगारांचं आधी झालं तर उद्योग निघून जातील आणि शेतमजुरासाठी कुणी उरणार नाही.

पण सुटं विधेयक सुरक्षित असतं असंही नाही. सर्वांत सहानुभूतीचा मानलेला, लहानपणी आलेल्यांना कायदेशीर दर्जा देणारा ड्रीम अॅक्ट डिसेंबर २०१० मध्ये हाउसमध्ये २१६ विरुद्ध १९८ असा गेला आणि सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ वर अडला. पाच डेमोक्रॅट विरोधात होते. ते पाच बाजूने असते तर ६० झाले असते.

सुटं करणं हे डावपेच म्हणूनही वापरलं जातं. १९९६ मध्ये बार्बरा जॉर्डन आयोगाच्या शिफारशीवरून कायदेशीर इमिग्रेशन कमी करायचं घाटत होतं. उद्योग, कॅथलिक चर्च, आशियाई आणि लॅटिनो संघटना, बाजारवादी रिपब्लिकन असे सगळे एकत्र आले. कपात थेट हरवण्यापेक्षा त्यांनी कायदेशीर आणि बेकायदा हे भाग वेगळे करवले. कपातीचा भाग तिथेच मेला. बेकायदा वास्तव्याविरुद्धचा कडक भाग मात्र कायदा झाला. परत येण्यावरची ३ आणि १० वर्षांची बंदी त्यातलीच. युती कायदेशीर इमिग्रेशन वाचवून पांगली, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या बाजूला तिच्यातले फारच थोडे उरले.

साध्या बहुमताने करता येत नाही का? अर्थसंकल्पाचे कायदे तर ५१ मतांनी होतात.

त्या मार्गाला रिकन्सिलिएशन म्हणतात, आणि त्यात फक्त पैशाशी थेट संबंधित तरतुदी चालतात. २०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी कायदेशीर दर्जा देणारी कलमं त्यात घालायचा तीनदा प्रयत्न केला. सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोनो यांनी तिन्ही वेळा नकार दिला: धोरणातला बदल एवढा मोठा आहे की अर्थसंकल्पावरचा परिणाम त्यापुढे गौण ठरतो.

२०२५ मध्ये रिपब्लिकनांनी हाच मार्ग अंमलबजावणीच्या पैशासाठी वापरला. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० झाल्यावर उपाध्यक्षांच्या मताने विधेयक गेलं आणि ४ जुलैला सही झाली. भिंतीसाठी सुमारे ४६.५ अब्ज डॉलर, स्थानबद्धता केंद्रांसाठी ४५ अब्ज, हद्दपारी राबवणाऱ्या आयसीई या संस्थेसाठी जवळपास ३० अब्ज. नियम दोन्ही पक्षांना एकच आहे, पण त्याचा झुकाव एका बाजूला आहे: कडकपणाला निधी लागतो, तो ५१ मतांत बसतो. दर्जा द्यायला कायद्याची व्याख्या बदलावी लागते, त्याला ६० लागतात. जुनी तिहेरी सौदेबाजी यामुळे आणखी कमकुवत झाली, कारण अंमलबजावणी स्वतंत्रपणे मिळत असेल तर तिच्या बदल्यात काही देण्याची गरज उरत नाही.

२०२४ चं सीमा विधेयक तर रिपब्लिकनांच्या मागण्यांचं होतं. ते का पडलं?

रिपब्लिकन लँकफर्ड, डेमोक्रॅट मर्फी आणि अपक्ष कर्स्टन सिनेमा या तीन सिनेटरांनी चार महिने वाटाघाट केली. सीमेवर अडवल्या जाणाऱ्यांची सात दिवसांची सरासरी रोज ५,००० झाली तर आश्रयाचे अर्ज जवळपास थांबवण्याची सक्ती, आश्रयाचा निकष कडक. आणि दुसऱ्या पारड्यात पाच वर्षांत २,५०,००० जादा ग्रीन कार्डं, एच-१बीधारकांच्या २१ वर्षांच्या होणाऱ्या मुलांना संरक्षण. कागदपत्रांविना राहणाऱ्यांना नागरिकत्व नव्हतंच. सीमा जवानांच्या संघटनेने पाठिंबा दिला.

मजकूर ४ फेब्रुवारीला प्रसिद्ध झाला आणि ७ तारखेला ४९ विरुद्ध ५० वर अडला. ट्रम्प यांनी विरोध केला होता, आणि निवडणुकीच्या वर्षात प्रश्न सुटण्यापेक्षा तापत राहणं पक्षाला सोयीचं होतं. डाव्या बाजूच्या हक्क संघटनाही विरोधात होत्या, त्यामुळे विधेयकासाठी मनापासून भांडणारा गटच नव्हता. वाटाघाट करणारे तिघेच असतील आणि त्यांच्यामागे संघटनांची युती नसेल, तर मजकूर कितीही चांगला असो, तीन दिवस टिकत नाही.

गाजावाजा न होता काही बदल होतात का?

होतात, खर्चाच्या विधेयकांतून. सरकार बंद पडू नये म्हणून ती मंजूर करावीच लागतात, त्यामुळे छोटं कलम त्यांना चिकटून जातं. एच-२बी या हंगामी कामगारांच्या व्हिसाची मर्यादा ६६,००० आहे; खेकडा-कोळंबी प्रक्रिया, बागकाम, रिसॉर्ट यांच्या मागणीवरून दर वर्षी गृहसुरक्षा खात्याला आणखी व्हिसा देण्याचा अधिकार मिळतो, आणि अलीकडे तो आकडा ६४,७१६ राहिला आहे. कलमात ‘देऊ शकेल’ असं आहे, ‘देईल’ असं नाही, म्हणून लॉबिंग पुन्हा खात्याकडे सुरू होतं. गुंतवणूकदारांच्या ईबी-५ योजनेची मोठी दुरुस्तीही मार्च २०२२ च्या खर्च विधेयकातूनच आली.

नवं विधेयक आलं की आधी काय पाहावं?

काँग्रेसच्या संकेतस्थळावर क्रमांक टाका. प्रायोजक न्यायविषयक समितीत आहे का? सहप्रायोजक दोन्ही पक्षांचे आणि जवळपास समसमान आहेत का? समितीत मार्क-अप झालं का? या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते निवेदन समजा. बहुतेक विधेयकं तेवढ्यासाठीच मांडली जातात.

मग मजकुरात तीन जागा वाचा: लागू होण्याची तारीख, अपवाद, आणि पूर्वअटी. ‘सीमा सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र मिळाल्यावर’ अशी पूर्वअट असेल तर प्रमाणपत्र कोण देणार आणि त्याला मुदत आहे का, हे बघा. नंतर चेंबर, एएफएल-सीआयओ, फार्म ब्युरो यांची पत्रं शोधा. दोन परस्परविरोधी गटांनी एकाच मजकुराला पाठिंबा दिला असेल, तरच आमच्या मते त्या विधेयकाकडे गांभीर्याने पाहावं.

माझ्याकडे मतदानाचा हक्क नाही, एच-१बीवर आहे. मला काही करता येतं का?

निवडणुकीसाठी एक डॉलरही देऊ नका. परदेशी नागरिकांना ते बेकायदा आहे, मित्राच्या नावानेही. ग्रीन कार्डधारकांना मात्र देणगी देता येते. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करणं, खासदाराच्या कार्यालयात जाऊन भेटणं, पत्र लिहिणं, संघटनेचं सभासद होणं, हे तुम्हालाही खुलं आहे.

भेट मागताना जागा चुकवू नका. अडकलेल्या अर्जाची चौकशी मतदारसंघातल्या कार्यालयात होते. विधेयकाबद्दल बोलायचं तर वॉशिंग्टन कार्यालयातला इमिग्रेशन पाहणारा सहायक गाठायचा. बोलायला १५-२० मिनिटं मिळतात. विधेयकाचा क्रमांक सांगा आणि एकच मागणी करा: सहप्रायोजक व्हा, किंवा अमुक कलमावरचा आक्षेप मागे घ्या. त्या मतदारसंघात मत देणारा सहकारी किंवा शेजारी, आणि जमल्यास तुमच्या कंपनीचा अधिकारी, सोबत असू द्या. दोन आठवड्यांनी त्याच सहायकाला एका पानाची टिपणी पाठवून उत्तर विचारा. हे लोक वारंवार बदलतात, म्हणून नव्या माणसाची गाठ पुन्हा घ्यावी लागते.